दक्षिण चीन समुद्राचा वाद आणि नागपूरचे ब्राह्मोस

बालाघाट जिल्ह्यातील राजेगाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. मात्र लगतच्या विदर्भात, नागपूर येथे, ज्या ब्राह्मोस क्षेपणास्त्रांची जुळणी होते, त्यांचा संबंध आता दक्षिण चीन समुद्रातील तणावाशी आला आहे. जानेवारी २०२२ मधील करारानुसार भारताने एप्रिल २०२४ मध्ये फिलिपिन्सला ब्राह्मोसचा पहिला संच सुपूर्द केला.

वादाचे मूळ सागरी हक्कांत आहे. १९८२ च्या सागरी कायदा करारानुसार किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीवर व खनिजांवर किनारी देशाचा अधिकार असतो. लुझोन बेटापासून सुमारे २२० किलोमीटरवरील स्कारबरो प्रवाळभित्ती या पट्ट्यात येते. परंतु २०१२ पासून तेथे चीनचे नियंत्रण आहे. १२ जुलै २०१६ रोजी आंतरराष्ट्रीय लवादाने चीनचा ऐतिहासिक हक्काचा दावा फेटाळला. तथापि निकालाची सक्तीने अंमलबजावणी करणारी यंत्रणा नाही. परिणामी फिलिपिन्सच्या नौकांना तेथे पाण्याच्या तोफांचा मारा सोसावा लागतो.

निर्यात होणाऱ्या ब्राह्मोसचा पल्ला २९० किलोमीटर असल्याने ही प्रवाळभित्ती लुझोनच्या किनाऱ्यावरून टप्प्यात येते. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईत बांधलेल्या ‘आयएनएस दिल्ली’सह भारतीय युद्धनौकांनी फिलिपिन्सच्या नौदलासोबत याच समुद्रात संयुक्त संचलन केले. क्षेपणास्त्राने धाक निर्माण होतो. मच्छीमारांचा हक्क मात्र वाटाघाटींतूनच परत मिळेल.