लाखाच्या पुढची गाडी

जुन्या मोटरसायकलच्या मीटरमध्ये किलोमीटरचे आकडे पाचच असतात. ९९,९९९ झाले की पाचही घरांत शून्य येतं आणि तिथून पुढे गाडी किती चालली याचा हिशेब मालकानेच ठेवायचा. पुण्यात अशा मीटर फिरलेल्या गाड्या पावलोपावली दिसतात. हडपसरहून हिंजवडीला रोज जाऊन-येऊन करणाऱ्याचे दिवसाला ६० किलोमीटर सहज होतात. महिन्याचे २५ दिवस धरले तर वर्षाला १८ हजार, म्हणजे साडेपाच वर्षांत लाख. उलट सदाशिव पेठेतून मंडई, मंडईतून बँक आणि बँकेतून घर एवढंच फिरणारी गाडी वीस वर्षांत ३० हजारही पार करत नाही.

विकायला काढल्या तर दुसऱ्या गाडीला भाव जास्त येतो. मला विचाराल तर मी पहिली घेईन, फक्त तिची ऑइल बदलल्याची नोंद बघून. इंजिनाची बरीचशी झीज होते ती थंड इंजिन सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत. ऑइल अजून सगळीकडे पोचलेलं नसतं, चोक ओढलेला असला तर जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढतं, आणि जळताना तयार झालेली पाण्याची वाफ खाली ऑइलमध्ये उतरते. इंजिन नीट तापलं की ही वाफ आणि पेट्रोल उडून जातं. दोन किलोमीटरवर गाडी बंद करणाऱ्याच्या इंजिनात ते तसंच साठत राहतं. हडपसरवाल्याची गाडी दिवसातून दोनदा सुरू होते आणि तासभर तापून चालते. पेठेतली गाडी तेवढ्याच अंतरासाठी तीसदा थंडच सुरू होते.

किलोमीटरचा आकडा डोळ्यांत भरतो हे खरं. १५० सीसीची गाडी ताशी ६०च्या वेगाने टॉप गिअरला चालली की इंजिन मिनिटाला साधारण ५ हजार फेरे घेतं आणि त्या मिनिटात गाडी एक किलोमीटर जाते. लाख किलोमीटरला ५० कोटी फेरे झाले. तेवढ्या वेळा पिस्टन वर गेला, खाली आला. आणि तरीही ब्लॉक उघडून मोजला तर झीज मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावी लागते, कारण पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये सतत ऑइलचा थर राहिला. लाखाच्या पुढची गाडी सांभाळायची म्हणजे मुख्यतः हा थर सांभाळायचा.

या बाबतीत पुणेकर नशीबवान आहे. आकुर्डीच्या बजाज ऑटोने १९७२ साली चेतक आणली आणि शहराच्या दोन पिढ्या स्कूटरवर वाढल्या. २००१ साली पल्सर आली, २००३ मध्ये तिला एकाच सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असलेलं डीटीएस-आय इंजिन मिळालं, आणि पोरं मोटरसायकलवर आली. भोसरी-पिंपरी-चाकणच्या पट्ट्यात सुटे भाग बनवणारे छोटे-मोठे कारखाने उभे राहिले. वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था १९६६पासून इथलीच, वेताळ टेकडीवर. आणि नाना पेठेत दुचाकीच्या स्पेअर पार्टची अख्खी बाजारपेठ आहे. वीस वर्षांपूर्वीच्या गाडीचा साइड पॅनलचा रबरी बुशसुद्धा तिथे चार दुकानं फिरल्यावर मिळतो. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी काढीव माल मिळायचा, त्यावर कित्येकांच्या राजदूत आणि येझदी जगल्या. पार्ट मिळत नाही म्हणून गाडी भंगारात गेली असं इथे क्वचित होतं. गाड्या जातात त्या हेळसांडीने, नाहीतर नको तेव्हा इंजिन उघडल्याने.

आधी हेळसांडीचं. बहुतेक मालक ऑइल वेळेवर बदलतात आणि त्यावर निर्धास्त राहतात. मधल्या काळात लेव्हल कोणी बघत नाही. या गाड्यांत एकूण ऑइल असतं लिटरभर. लाख चाललेलं इंजिन हजार किलोमीटरला १०० ते २०० मिलि ऑइल खातं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण पुढचं सर्व्हिसिंग ३ हजारांवर असेल, तर तिथवर पोचताना आत कदाचित निम्मंसुद्धा उरलेलं नसेल. तेवढ्याच ऑइलवर इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच तिघांचं भागायचं असतं. नव्या गाडीला हे दुर्लक्ष पचतं, जुन्या गाडीचं इंजिन सीझ होतं. म्हणून दर दुसऱ्या वेळी पेट्रोल भरताना ऑइल बघावं. गाडी सपाट जागेवर, मेन स्टँडला, इंजिन बंद करून पाच मिनिटं गेल्यावर. साइड स्टँडवर बघितलेली लेव्हल खोटी असते. कमी असेल तर त्याच ग्रेडचं वरून टाकावं. पल्सरला २०डब्ल्यू-५०, स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३०, जे मॅन्युअलमध्ये दिलंय ते. चारचाकीचं उरलेलं ऑइल मात्र टाकू नये. मोटरसायकलचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, आणि चारचाकीच्या ऑइलमधली घर्षण कमी करणारी रसायनं त्याला घसरवतात. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ असं लिहिलेलं बघून घ्यावं. पेठेतल्या गाडीचं ऑइल किलोमीटरवर न जाता सहा महिन्यांनी बदलावंच.

आता इंजिन उघडण्याचं. नाना पेठेच्या एका गल्लीतल्या गॅरेजात बघितलेली तपासणी मला प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाला दाखवावीशी वाटते. साठीच्या एका गृहस्थांनी पल्सर आणली होती. पिकअप गेलेला, ॲव्हरेज पडलेलं, सकाळी दहा किका.

“उस्ताद, बोअर मारायला झाली बहुतेक. आमच्याकडचा म्हणाला, फुल इंजिन काम आहे.”

“थांबा काका. आधी बघू, मग बोलू.”

त्याने गाडी दहा मिनिटं चालू ठेवून तापवली. एक प्लग काढला, त्या जागी कॉम्प्रेशन गेज आवळला, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून धरला आणि किक मारत राहिला. काटा जेमतेम निम्म्यावर गेला. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा किका मारल्या. काटा होता तिथेच. रिंगा गेल्या असत्या तर त्या ऑइलने फट भरून निघाली असती आणि काटा वर चढला असता. चढला नाही, म्हणजे हवा रिंगांतून जात नव्हती, वरून व्हॉल्व्हमधून जात होती. दुपारी इंजिन पार गार झाल्यावर त्याने टॅपेटचं झाकण उघडलं, फेरा जुळवला आणि फीलर गेजची पात घालून बघितली. एक्झॉस्टच्या टॅपेटला फट उरलीच नव्हती. व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नव्हता. नट सैल करून, पात अडकत-अडकत सरकेल एवढी फट ठेवून त्याने नट आवळला. पुन्हा किक मारली तेव्हा काटा बराच वर गेला. बोअर, पिस्टन, लेथवाला, सगळं टळलं.

टॅपेटबद्दल इथे गैरसमज पक्का आहे. टकटक ऐकू आली की लोक ती बंद करून घेतात. थोडा आवाज करणारा टॅपेट परवडतो, घट्ट झालेला परवडत नाही. व्हॉल्व्ह सीटवर बसतो तेवढ्या वेळात त्याची उष्णता हेडमध्ये जाते. फट संपली तर तो नीट बसत नाही, तापत राहतो आणि शेवटी त्याची कड जळते. जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि सीट झिजून फट आपोआप कमी होत जाते, म्हणजे नेमकं उतारवयात हे जास्त बघायला हवं.

धुराची भाषा तेवढीच उपयोगी. सिंहगडाच्या घाटात ॲक्सिलरेटर सोडून बरंच अंतर उतरलात आणि पुन्हा पिळताच मागे निळा भपकारा आला, तर व्हॉल्व्हचे ऑइल सील गेलेत. हेड उतरवून काम होतं, ब्लॉकला हात लावायची गरज नाही. चढताना इंजिनावर जोर असताना निळा धूर सलग येत असेल तर रिंगा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, एअर फिल्टर आणि कार्बोरेटर बघा.

रिंगा आणि ब्लॉक खरंच गेले असतील तर काम पूर्ण करावं. नुसत्या रिंगा टाकून चार पैसे वाचवणं मला पटत नाही. अंडाकृती झिजलेल्या सिलिंडरमध्ये नवी रिंग बसत नाही. लेथवाल्याकडे ब्लॉक मोजून घ्यावा, पिस्टन आधी विकत आणून त्याच्या मापाने बोअर करून घ्यावा. ओव्हरसाइज पिस्टन ०.२५ मिलिमीटरच्या पायऱ्यांनी येतात. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर ऑइल बदलावं. यामाहा आर-१५ किंवा चाकणमध्ये बनणाऱ्या केटीएम ड्यूकसारख्या गाड्यांना मात्र हा मार्ग नाही. त्यांचे सिलिंडर वेगळ्या पद्धतीचे, अतिशय कठीण पृष्ठभागाचे असतात. झिजले तर पिस्टनसकट नवा ब्लॉक टाकायचा.

डीटीएस-आयच्या मालकांसाठी आणखी एक. दोन प्लगांपैकी एक समोर हाताशी येतो, दुसरा अडचणीच्या जागी. सर्व्हिसिंगमध्ये हाताशी येणारा बदलतात, दुसरा वर्षानुवर्षं तसाच राहतो. तो मेला तरी गाडी चालू राहते, त्यामुळे कळत नाही. फक्त ॲव्हरेज आणि ओढ कमी होते. दोन्ही प्लग एकदम बदला, आणि काढलेले दोन्ही दाखवायला सांगा.

इंजिनावर पैसे घालणारे लोक चेसिसकडे बघत नाहीत, आणि जीव चेसिसवर असतो. पुण्याचे स्पीड ब्रेकर, उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि पावसाळ्यातले खड्डे यांचा मार सगळ्यात आधी कोनसेटला बसतो. गाडी मेन स्टँडला लावून पुढचं चाक उचला आणि हँडल दोन बोटांनी सावकाश डावीकडून उजवीकडे न्या. मधोमध आल्यावर हँडल खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोनसेटला दात पडलेत. अशी गाडी सरळ रस्त्यावरही सतत डोलते आणि चालवणाऱ्याला टायरमध्ये हवा कमी असल्याचा भास होतो. मग मागचं चाक धरून आडवं हलवा. खडखड चाकात असेल तर बेअरिंग, अख्ख्या स्विंग आर्ममध्ये असेल तर त्याचे बुश. चेन-स्प्रॉकेट नेहमी सेट बदलावा. जुन्या दातांवर नवी चेन लवकर ताणली जाते. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं. टायरच्या बाजूवर शेवटी चार अंक असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालातला २३वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचा कडक झालेला टायर ओल्या रस्त्यावर पकड सोडतो.

पाण्याचं वेगळं सांगायला हवं. २५ जुलै २०२४ला खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत शिरलं आणि पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर माणूस पहिल्यांदा सेल्फ मारून बघतो. तेच करायचं नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी सोडवा, प्लग काढा, किक हलक्या हाताने फिरवून पाणी बाहेर काढा, ऑइल उतरवा. ते दुधट, कॉफीच्या रंगाचं निघालं तर नवं ऑइल भरून गाडी थोडी चालवून तेही बदला. टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा, ब्रेकचे ड्रम उघडून सुकवा. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी वॉशिंग सेंटरवर मोठ्या दाबाच्या पाण्याचा फवारा कोनसेटवर आणि चाकाच्या बेअरिंगवर मारतात, त्याने आतलं ग्रीस निघून जातं. त्या जागा कापडाने पुसून घेतल्या तरी पूजेला गाडी चांगलीच दिसते.

अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, ओ-रिंगा त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर कार्बोरेटरचा खालचा स्क्रू सैल करून पेट्रोल काढून टाकावं, पेट्रोलचा पाइप दर दोन वर्षांनी बदलावा आणि टाकी तळाशी गंजू नये म्हणून ती भरलेली ठेवावी.

पंधरा वर्षं झाली की नोंदणी पाच वर्षांसाठी नव्याने करून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा. संगम पुलाजवळच्या आरटीओकडून तपासणी होते तेव्हा चेसिस नंबर वाचता आला पाहिजे. त्यावर रंगाचे थर चढलेले किंवा गंज आलेला असेल तर आधीच हलक्या हाताने साफ करून ग्रीस लावून ठेवा. त्याच वेळी बॅटरीखालची पट्टी, स्विंग आर्मचा बोल्ट बसतो ती जागा आणि हँडलखालचे वेल्डिंगचे सांधे टॉर्च घेऊन बघा. इंजिन हवं तितक्या वेळा उभं करता येतं, पण या तीन जागी गंजाने पत्रा खाल्ला असेल किंवा सांध्याला बारीक तडा दिसत असेल, तर त्या गाडीवर पुढे खर्च करू नये. गाडी नोंदणीकृत भंगार केंद्रातच द्यावी आणि आरसी रद्द झाल्याची खात्री करून घ्यावी. तुमच्या नावावरची गाडी आरसीसकट इतर कोणाच्या हाती देऊ नये.