‘नको’ कोण म्हणतंय?

ऑक्सफर्डमध्ये काम करताना बालमनोविकारतज्ज्ञ जेसिंटा टॅन यांनी ॲनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे बारीक राहण्याच्या ध्यासाने खाणं टाळत जाण्याचा मनोविकार, झालेल्या दहा मुलींना बोलतं केलं. वयं १३ ते २१. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांना शोधायचं होतं ते असं : उपचार नको म्हणणारी मुलगी तो निर्णय घ्यायला सक्षम असते का?

त्यासाठी रूढ कसोट्या आहेत. आजाराची माहिती कळते का, ती स्वतःला लागू करून बघता येते का, विचार करून निवड सांगता येते का. मुली या कसोट्यांना बहुतांशी उत्तम उतरल्या. आपण मरू शकतो हे त्यांना माहीत होतं, नीट सांगताही येत होतं. पण काहींच्या लेखी बारीक असणं जगण्याहून मोलाचं झालं होतं. काहींना आजार गेला तर ‘मी’ कोण उरेन, याची धास्ती होती. टॅन यांचं म्हणणं असं, की इथे बुद्धी शाबूत असते, आजार शिरतो तो मूल्यांत. आणि मूल्यं मोजायची सोय त्या कसोट्यांत नाही.

मला हे निरीक्षण फार मोलाचं वाटतं. हट्टी, नाटकी, लाडावलेली ही आपली नेहमीची विशेषणं त्यानंतर तोंडातून निघत नाहीत.

भूक मनाचं काय करते, हे १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात दिसलं होतं. ॲन्सेल कीज यांच्या प्रयोगात ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने सहभागी झाले. २४ आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं : पाव, बटाटे, सलगम, मॅकरोनी. वजन सुमारे चतुर्थांशाने उतरलं. बारीक होण्याचं वेड यांपैकी कुणालाच नव्हतं. तरी ते ताटलीभर जेवण दोन-दोन तास चिवडत बसू लागले, त्यात पाणी घालून ते वाढवू लागले, पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, ताटल्या चाटू लागले. चिडचिड, उदासी, एकलकोंडेपणा आला. स्वतः न जेवता घरच्यांसाठी तासन्‌तास स्वयंपाकघरात रमणारी, पोळीचे बारीक बारीक तुकडे करत बसणारी मुलगी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वर्णन ओळखीचं वाटेल. त्यातलं बरंचसं उपासमारीचं असतं. म्हणूनच आधी अन्न, मग उकल. रिकाम्या मेंदूशी समुपदेशन फार पुढे जात नाही. अर्थात अन्नही बेताने वाढवावं लागतं. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं, की रक्तातलं फॉस्फेट घसरतं आणि हृदय बंद पडू शकतं.

‘नको’चा हाच प्रश्न घेऊन इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे १९९२ मध्ये ॲनोरेक्सिया झालेली सोळा वर्षांची एक मुलगी आली. कागदोपत्री नाव फक्त ‘डब्ल्यू’, वजन सुमारे ३५ किलो. तिथल्या १९६९ च्या कायद्याने सोळाव्या वर्षी उपचारांना संमती देता येते. मग नकार का देता येऊ नये? न्यायालयाने उपचारांची वाट मोकळी केली. बरं व्हायचं नाही, ही इच्छा या आजाराचाच भाग आहे, असं न्यायमूर्तींनी मानलं. निकालावर टीका पुष्कळ झाली. संमती चालते आणि नकार चालत नाही, हा कसला हक्क, हा आक्षेप मलाही खोटा वाटत नाही. पण त्या वजनाला मी न्यायमूर्तींच्याच बाजूने उभी राहीन.

मग तिला जेवायला कुणी लावायचं? ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव देणारे विल्यम गल १८७०च्या दशकात नातलगांना सर्वांत वाईट शुश्रूषक समजत. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातल्या गटाने ते उलटं केलं. आईवडिलांना दोष न देता जेवणाची सूत्रं काही काळ त्यांच्याच हाती दिली. सुरुवातीच्याच एका भेटीत कुटुंब घरून डबा घेऊन येतं आणि डॉक्टरांसमोर मुलीला आणखी एक घास घ्यायला लावतं. चिऊ-काऊचे घास भरवलेल्या आईला ही रीत शिकवावी लागत नाही. तिला धीर द्यावा लागतो. १९८७ च्या त्यांच्या अभ्यासात कमी वयात आजार सुरू झालेल्या आणि तो तीन वर्षांच्या आतला असलेल्या मुलींना कुटुंबोपचाराचा जास्त फायदा दिसला.

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांचे निर्णय पालकांकडे दिले आहेत. मुलीला दाखल करताना तिच्या वतीने निर्णय घेणारा प्रतिनिधी पुरुष असेल, तर सोबत स्त्री मदतनीस हवी. आणि मुलांची इच्छा कळण्यासारखी असेल, तर तीही विचारात घ्यायची आहे. ही शेवटची अट कागदावर राहू नये. टॅन यांनीच पुढे १५ ते २६ वयाच्या २९ तरुणींशी बोलून पाहिलं. जीव वाचवण्यासाठी सक्ती करावी, असं त्यांतल्या बहुतेकींना वाटत होतं. सक्ती किती टोचली, हे मात्र पालक आणि डॉक्टर त्यांच्याशी कसे वागले यावर ठरलं होतं.

या दिवाळीत फराळाचं ताट कुणी रोज परत सारत असेल, ‘पोट भरलंय’, ‘उपास आहे’ ही कारणं महिनोन्‌महिने चालली असतील, कपडे ढगळ होत असतील, पाळी थांबली असेल, तर टोमणे मारू नका. मनगट हातात घेऊन नाडी मोजा. जागेपणी ती मिनिटाला पन्नासच्या खाली असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि वाटेत तिला सांगा, की तुझं ‘नको’ आम्ही ऐकलं आहे.