उतरताना गुडघ्याची वाटी का दुखते?

राजहंसगड चढताना काही वाटत नाही, उतरताना मात्र गुडघ्याची वाटी दुखते. असे झाले की घरचे म्हणतात, "आता चालणं बंद करा." पण दोष चालण्याचा नसून पाय टाकण्याच्या सवयीचाही असू शकतो.

वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेतून वर-खाली सरकते. उतरताना सगळा भार एका वाकलेल्या गुडघ्यावर येतो आणि वाटी हाडावर दाबली जाते. त्या वेळी खुब्याचे स्नायू कमी पडले, तर मांडी आत वळते, गुडघा दुसऱ्या पायाकडे झुकतो आणि दाब वाटीच्या बाहेरच्या कडेला वाढतो. दुखणे गुडघ्यात, कारण मात्र खुब्यात!

आरशासमोर एका पायरीवरून सावकाश उतरून पाहा. गुडघा आत झुकतो का? तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवायची सवय लावा. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलण्याचा व्यायाम रोज थोडा करा. नुसत्या विश्रांतीने दुखणे थांबते, पण सवय तीच राहिली तर परत येते.

सूज आली, गुडघा अडकू लागला किंवा पायावर भार देता येईना, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.