हिरवळीखाली काय आहे?

कोपरखैरण्याच्या निसर्ग उद्यानात सकाळी फिरणाऱ्या मंडळींना मी मुद्दाम विचारतो, ‘पायाखाली काय आहे, ठाऊक आहे?’ नवी मुंबईचा कचरा एकेकाळी इथेच पडायचा. पुढे तो तुर्भ्याला जाऊ लागला. कचराभूमी बंद करायची म्हणजे नुसती माती लोटून भागत नाही. ढिगाला उतार द्यायचा, पाणी मुरू नये म्हणून वर चिकणमाती आणि जाड प्लॅस्टिक अंथरायचे, आतल्या मिथेनला नळ्यांतून वाट द्यायची. शिवाय नियमाप्रमाणे पुढे किमान १५ वर्षे देखरेख!

हा झाला घरातला कचरा. तो कुजतो तरी. लष्कराचा दारूगोळा कुजत नाही. वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ २० नोव्हेंबर २०१८ रोजी नष्ट करण्यासाठी आणलेल्या जुन्या दारूगोळ्याचा स्फोट झाला. सहा जण गेले. त्यांत पेट्या उतरवणारे रोजंदार मजूर होते. अशी जागा बंद करायची वेळ आली, तर माती टाकण्याआधी वीत न् वीत जमीन यंत्राने तपासावी लागते, कारण न फुटलेला एक गोळाही पुरेसा असतो. कुठे काय पुरले याचा नकाशा मात्र लष्करी कपाटात नको. तो आसपासच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हवा.