ऐकायला शिकवणारी वर्षं

बी.ए. झालेली मुलगी घरात सांगते, ‘मला मानसशास्त्रातच पुढं शिकायचंय.’ वडील विचारतात, ‘म्हणजे गोळ्या देणारी डॉक्टर होणार का?’ आजी म्हणते, ‘मग माझ्या मनातलं ओळखशील का गं?’ दोघांचाही समज चुकीचा आहे, पण दोष त्यांचा नाही. डॉक्टर किंवा इंजिनिअर होण्याची वाट गावातल्या कुणालाही ठाऊक असते. मानसशास्त्राच्या वाटेवर कुठल्या पायरीला काय करता येतं, हे पुष्कळ मुलांना प्रवेश घेतल्यानंतरच कळतं. म्हणून ही शिडी खालपासून एकदा पाहू या.

आधी एक फरक लक्षात घ्यावा. मनोविकारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस. होऊन पुढे त्याच विषयात एम.डी. वगैरे झालेला डॉक्टर असतो. तो औषध लिहून देतो. मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. तो चाचण्या घेतो, बोलतो, ऐकतो आणि विचारांच्या, वागण्याच्या सवयी बदलायला मदत करतो.

पहिली पायरी एम.ए.ची, दोन वर्षांची. इथं मुलांना पहिला धक्का बसतो तो संख्याशास्त्राचा. ‘मन समजून घ्यायला आलो, तर समोर सरासरी आणि प्रमाण विचलन!’ पण त्यामागं कारण आहे. समजा, एखाद्या उपायानंतर वीस जणांना बरं वाटलं. उपाय न करता त्यांतल्या किती जणांना बरं वाटलं असतं? हा प्रश्न विचारायची आणि त्याचं उत्तर मोजून काढायची शिस्त नसेल, तर मानसशास्त्रज्ञ आणि भविष्य सांगणारा यांत फरक उरणार नाही.

ही शिस्त प्रयोगशाळेतून आली. १८७९ साली जर्मनीत लाइपझिग इथं विल्हेल्म वुंट यांनी प्रयोगशाळा उभारली. १८८५ साली हर्मान एबिंगहाउस यांनी स्मरणावरचं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यासाठी त्यांनी अर्थ नसलेली अक्षरं स्वतःच पाठ केली आणि ती किती वेळात विसरतात ते मोजलं. कवितेतली ओळ अर्थामुळं आणि लयीमुळं लक्षात राहते. एबिंगहाउसना तो आधारच काढून घ्यायचा होता. आपल्याकडे कोलकाता विद्यापीठात १९१६च्या सुमारास हा विषय स्वतंत्रपणे सुरू झाला. पुणे विद्यापीठात १९५० साली प्रा. कोठूरकरांच्या नेतृत्वाखाली प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग उभा राहिला.

एम.ए. झालं म्हणजे रुग्णावर उपचार करता येतात का? नाही. इथंच खरी गफलत होते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं, तर ‘रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया’च्या नोंदवहीत नाव असावं लागतं. १९९२च्या कायद्यानं तसं ठरवलं आहे. हे नाव लागण्यासाठी वर्षानुवर्षं मुख्य मार्ग होता तो एम.फिल.चा. प्रवेश परीक्षा, मोजक्या जागा आणि रुग्णालयात पूर्ण वेळ दोन वर्षं.

ही दोन वर्षं म्हणजे या शिक्षणाचा गाभा. सकाळी बाह्यरुग्ण विभाग, मग वॉर्ड. रुग्णाची आणि त्याच्या नातेवाइकांची हकिकत लिहून घ्यायची, चाचणी घ्यायची, अहवाल करायचा, उपचाराच्या बैठका घ्यायच्या. प्रत्येक गोष्ट वरिष्ठांना दाखवायची. ते विचारतात, ‘तो गप्प झाला तेव्हा तू लगेच का बोललास?’ पुस्तकात हा प्रश्न नसतो. समोरच्याची शांतता सोसायची कशी, सल्ला देण्याची घाई आवरायची कशी, हे कुणाच्या तरी देखरेखीखालीच शिकावं लागतं.

आणि भाषेचं काय? अभ्यास बहुतेक इंग्रजीतून होतो. रुग्ण मात्र ‘मला नैराश्य आलंय’ असं क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, ‘डोक्यात भुंगा फिरतो’, ‘जीव घाबरा होतो’, ‘कशात मन लागत नाही’. आमच्या मुसलमान घरांतली एखादी बाई दखनीत ‘जी घबराता’ म्हणेल आणि छातीवर हात ठेवेल. कुणी मनाचं नाव न घेता पाठदुखीच सांगत राहील. या बोलण्याचं घाईघाईनं इंग्रजी केलं, तर माणूस निसटतो. इंग्रजीतली चाचणीही नुसती मराठी करून भागत नाही. इथल्या माणसांवर ती पुन्हा तपासून घ्यावी लागते.

पीएच.डी.चं शिक्षण वेगळं. ते संशोधनाचं आहे. नावाआधी ‘डॉक्टर’ लागलं, तरी तेवढ्यानं उपचाराचा परवाना मिळत नाही.

गेल्या काही वर्षांत या शिडीच्या पायऱ्याच हलल्या आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमावलीनं एम.फिल. बंद केलं. क्लिनिकल सायकॉलॉजीपुरती प्रवेशाची मुदत २०२५-२६ पर्यंत वाढवून देण्यात आली. दरम्यान, २०२४-२५ पासून कौन्सिलनं चार वर्षांचा बी.एस्सी. ऑनर्सचा अभ्यासक्रम आणला. शिवाय २०२५ साली आयोगानं दूरशिक्षणातून आणि ऑनलाइन मानसशास्त्र शिकवणं बंद करायला सांगितलं. रुग्णाच्या बाजूनं पाहिलं, तर हे समजण्यासारखं आहे. घरबसल्या वॉर्ड शिकता येत नाही. पण तालुक्याच्या गावी नोकरी, मूल आणि सासर सांभाळून एम.ए. करू पाहणाऱ्या बाईचं दार त्यामुळं बंद झालं. तिला जवळच्या महाविद्यालयात जागा मिळेल अशी सोय झाली नाही, तर तिच्या बोलीत ऐकणारं माणूस तिच्या गावाला मिळणार कुठून?

म्हणून पालकांना एवढंच सांगणं, की फी भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. या अभ्यासक्रमाला कुणाची मान्यता आहे? ती कोणत्या वर्षापर्यंत आहे? आणि तो पुरा झाल्यावर मुलाला नेमकं काय करण्याचा अधिकार मिळेल? उत्तर तोंडी घेऊ नका, कागदावर पाहा. आणि उद्या आपल्याच घरातल्या कुणाला मदत लागली, तर समोरच्या तज्ज्ञाला त्याची नोंदणी विचारायला संकोचू नका. नीट शिकलेला माणूस त्या प्रश्नानं रागावणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)