ड्री फाँटेनेन

ड्री फाँटेनेन : बेल्जियममधील लँबिक या आंबट बीरचे मिश्रण व निर्मिती करणारी प्रसिद्ध संस्था. ब्रूसेल्सच्या दक्षिणेस, फ्लेमिश ब्राबांत प्रांतातील बेर्सेल या गावी ती आहे. सेन नदीचे खोरे व त्याच्या पश्चिमेचा पायोटनलँड हा शेतीप्रधान प्रदेश हे लँबिकचे परंपरागत क्षेत्र असून बेर्सेल या क्षेत्राच्या मध्यभागी येते. विटांनी बांधलेल्या, भोवती खंदक असलेल्या चौदाव्या शतकातील गढीमुळेही हे गाव ओळखले जाते. संस्थेचा आरंभ १८८७ मध्ये एका खानावळीच्या तळघरात झाला. ‘ड्री फाँटेनेन’ म्हणजे ‘तीन कारंजी’. खानावळीच्या फळीवर लँबिक, फारो व क्रीक या तीन बीर पिंपातून वर खेचण्यासाठी हाताने चालवावयाचे तीन पंप होते, त्यांवरून हे नाव पडल्याचे सांगतात.

लँबिक व इतर बीर यांत मूलभूत फरक आहे. सर्वसाधारण बीरच्या निर्मितीत जवाच्या माल्टपासून काढलेल्या गोड अर्कात (वर्टमध्ये) शुद्ध स्वरूपात वाढविलेले यीस्ट मुद्दाम घालतात आणि अन्य सूक्ष्मजीवांचा शिरकाव होऊ नये म्हणून काटेकोर दक्षता घेतात. लँबिकमध्ये असे कोणतेही यीस्ट घालीत नाहीत. हवेतील, इमारतीतील व लाकडी पिंपांतील सूक्ष्मजीवांनी अर्क आपोआप आंबतो. माल्ट केलेल्या जवाबरोबर सु. ३० ते ४० टक्के माल्ट न केलेला गहू वापरतात. अर्क कित्येक तास उकळतात व त्यात हॉपची फुले घालतात. मात्र ही फुले ताजी नसून दोनतीन वर्षे साठवून जुनी केलेली असतात. त्यांचा कडूपणा व सुवास बराचसा गेलेला असतो. परंतु नको असलेल्या सूक्ष्मजंतूंना आवर घालण्याचा गुण उरलेला असतो व येथे तोच हवा असतो. उकळता अर्क माळ्यावरील उथळ, उघड्या व रुंद धातूच्या हौदात रात्रभर निवत ठेवतात आणि सकाळी ओकच्या पिंपांत भरतात. उन्हाळ्यात अर्क लवकर निवत नाही व हवेत घातक जंतू अधिक असतात. म्हणून हे काम साधारणपणे ऑक्टोबर ते एप्रिल या थंड महिन्यांतच करतात.

पिंपात पुढे काय घडते याचा शास्त्रीय उलगडा विसाव्या शतकात झाला. कूफेरात व व्हान लार यांनी १९२१ मध्ये लँबिकमधून ब्रेटॅनोमायसीज ब्रुक्सेलेन्सिस हे यीस्ट वेगळे केले. लव्हेन येथील कॅथलिक विद्यापीठात व्हेराक्टर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०–८० या दशकात किण्वनाच्या क्रमवार अवस्था दाखवून दिल्या. पहिल्या महिन्यात मुख्यतः एंटेरोबॅक्टेरिया वाढतात. त्यानंतर सॅकॅरोमायसीज यीस्ट बहुतेक शर्करेचे अल्कोहॉल बनविते. पुढील उन्हाळ्याच्या उबेत पेडिओकॉकस जंतू लॅक्टिक अम्ल निर्माण करतात व बीरला आंबटपणा येतो. या काळात ती तेलकट व चिकट होते आणि त्या स्थितीत पिण्यास निरुपयोगी असते. शेवटी ब्रेटॅनोमायसीज मंदपणे काम करून हा चिकटपणा नाहीसा करते, उरलेल्या जटिल शर्करा खाते व लँबिकला तिचा विशिष्ट वास देते. गवताची गंजी, जुने चामडे, घोड्याचा खोगीर अशा उपमा या वासाला देतात. नवख्या माणसाला तो पहिल्या घोटाला रुचेलच असे नाही. ही सर्व क्रिया पूर्ण व्हायला दोन ते तीन वर्षे लागतात.

हे सूक्ष्मजीव केवळ सेन खोऱ्याच्या हवेतच असतात, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती व ती स्थानिक अभिमानाला पोषकही होती. तथापि अमेरिकेतील मेन राज्यात पोर्टलंड येथील एका कारखान्याने २००७ मध्ये उथळ हौद बांधून याच पद्धतीने बीर तयार केली. त्यामुळे आणि नंतरच्या संशोधनामुळे, हवेइतकाच किंवा तिच्याहून अधिक वाटा जुनी पिंपे व जुन्या इमारतींचा असतो, हे मत आता मान्य झाले आहे. पीटर ब्रगेलच्या शेतकरी जीवनावरील चित्रांतील मातीच्या सुरयांत लँबिकच आहे, हे नेहमी केले जाणारे विधानही सावधपणेच घ्यावयास हवे. चित्रावरून बीरचा प्रकार ठरविता येत नाही.

मिश्रणकाराचा व्यवसाय : प्रत्येक पिंपातील लँबिक वेगळी होते. एकाच दिवशी, एकाच हौदातून भरलेल्या दोन शेजारच्या पिंपांतील बीरही तीन वर्षांनंतर सारखी नसते. त्यामुळे पिंपांची चव घेऊन त्यांचे मिश्रण करणे हे स्वतंत्र कौशल्य ठरले आणि त्यातून मिश्रणकारांचा निराळा व्यवसाय उदयास आला. मिश्रणकार स्वतः अर्क उकळीत नसे. तो एक किंवा अनेक उत्पादकांकडून ताजा अर्क वा कोवळी लँबिक विकत घेई, आपल्या तळघरातील पिंपांत मुरवी व मिश्रण करून विके. अनेक खानावळींचे मालकच मिश्रणकार असत. ड्री फाँटेनेनचा आरंभ याच प्रथेतून झाला.

मिश्रणातून तयार होणाऱ्या बीरला ग्यूझ म्हणतात. तीत एक, दोन व तीन वर्षांच्या लँबिक एकत्र करतात. कोवळ्या लँबिकमध्ये थोडी शर्करा शिल्लक असते, तर जुनीमध्ये चव व ब्रेटॅनोमायसीज यीस्ट असते. मिश्रण जाड काचेच्या बाटलीत भरून बूच लावले की, ही शर्करा पुन्हा आंबते, कार्बन डाय-ऑक्साइड वायू बाटलीतच कोंडला जातो व बीर शँपेनप्रमाणे फसफसते. यासाठी बाटल्या काही महिने मध्यम उबेच्या खोलीत आडव्या ठेवतात. कोवळी लँबिक कमी पडली, तर बीर निर्जीव राहते व जास्त झाली, तर बाटली फुटते. हे प्रमाण मोजमापाने अंशतःच ठरते. बाकी सर्व जिभेवर अवलंबून असते. ‘आउडे ग्यूझ’ (जुनी ग्यूझ) हे नाव वापरावयाचे, तर मिश्रणातील सर्वांत जुनी लँबिक किमान तीन वर्षांची असली पाहिजे, असा दंडक आहे. या पारंपरिक नावांना यूरोपीय संघाचे संरक्षण १९९७ मध्ये मिळाले.

या व्यवसायाची आर्थिक बाजू बिकट असते. आज भरलेल्या पिंपाचे पैसे तीनचार वर्षांनी हाती येतात. मधल्या काळात पिंप गळू शकते, बीर व्हिनेगरसारखी होऊ शकते, आणि काही भाग लाकडातून उडून जातोच. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने तांब्याची भांडी जप्त केल्याने अनेक लहान कारखाने बंद पडले. ड्वॉर्प गावचे हान्सेन्स कुटुंब यामुळेच उत्पादन सोडून केवळ मिश्रणाकडे वळले. त्यानंतर स्वच्छ, सौम्य व स्वस्त पिल्सनर बीरने बाजार काबीज केला. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या उत्पादकांनी ग्यूझमध्ये साखर वा कृत्रिम मधुरके घालून व ती गाळून ‘गोड ग्यूझ’ विकण्यास सुरुवात केली. लोकांच्या जिभेला तीच ग्यूझ वाटू लागली व खऱ्या ग्यूझला गिऱ्हाईक मिळेनासे झाले. १९७० च्या सुमारास मिश्रणकारांचा धंदा मुलांनी पुढे चालवावा, असा सल्ला फारच थोडे बाप देत असतील.

इतिहास : याकोब्युस व्हांडरलिंडन यांनी स्थापिलेली खानावळ व तिचे मिश्रणघर १९५३ मध्ये गास्तों डेबेल्डर व त्यांची पत्नी रेमोंद यांनी विकत घेतले. पुढे १९६१ मध्ये ते गावच्या मुख्य चौकातील जागेत आले. बेर्सेलमध्ये वास्तव्य केलेले फ्लेमिश लेखक हेर्मान टेरलिंक यांचे नाव या चौकाला देण्यात आले आहे. गास्तों यांची जीभ मिश्रणकार म्हणून नावाजलेली होती. त्यांच्या काळात तयार होणारी ग्यूझ मुख्यतः खानावळीच्या गिऱ्हाइकांनाच मिळे.

आर्मांड व गिडो या मुलांनी १९८२ मध्ये सूत्रे हाती घेतली. गिडो खानावळ व आर्मांड मिश्रणघर पाहू लागले. आर्मांड यांनी बोन, लिंडेमान्स व जिरार्दिन या उत्पादकांकडून अर्क घेऊन काम चालविले. वेगवेगळ्या कारखान्यांच्या लँबिकचा स्वभाव वेगळा असल्यामुळे मिश्रणकाराला जणू अधिक रंग मिळतात. परंतु पुरवठा मात्र दुसऱ्याच्या हाती राहतो. या परावलंबनातून सुटण्यासाठी त्यांनी १९९८-९९ मध्ये स्वतःचे उत्पादन सुरू केले. पारंपरिक उत्पादकांना एकत्र आणणारी ‘होराल’ ही संघटना १९९७ मध्ये स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्षही तेच होते. उत्पादकांची तळघरे लोकांसाठी खुली करणारा ‘टूर द ग्यूझ’ हा द्वैवार्षिक उपक्रम या संघटनेने चालू केला.

अपघात व पुनरुज्जीवन : मे २००९ मध्ये संस्थेवर मोठे संकट कोसळले. बाटल्यांतील दुसऱ्या किण्वनासाठी उबदार ठेवलेल्या कोठाराचा तापनियंत्रक बिघडला आणि उष्ण हवा सोडणारे यंत्र न थांबता चालत राहिले. कोठाराचे तापमान सु. ६०° से.पर्यंत चढले. द्रवाचे तापमान वाढले की, त्यात विरघळलेला वायू बाहेर पडतो व बंद बाटलीतील दाब झपाट्याने वाढतो; त्यामुळे बाटल्या एकामागून एक फुटू लागल्या. हजारो बाटल्या फुटल्या. ज्या शाबूत राहिल्या त्यांतील यीस्ट उष्णतेने मेले होते व चवही शिजल्यासारखी झाली होती. एकंदर सु. ८० हजार बाटल्या वाया गेल्या. हे नुकसान म्हणजे जवळजवळ एका वर्षाचे उत्पादन होते. परंतु ग्यूझच्या बाबतीत एक वर्ष म्हणजे त्याआधीच्या तीन वर्षांतील कष्टाचे फळ, हे ध्यानात घेतले म्हणजे हानीचे खरे माप कळते. ती भरून काढण्यासाठी नवी लँबिक मुरवावी, तर तितकीच वर्षे उत्पन्नावाचून काढावी लागणार होती.

आर्मांड यांना उत्पादनाची यंत्रसामग्री विकावी लागली व संस्था पुन्हा केवळ मिश्रणघर बनली. या प्रसंगी व्यवसायातील प्रतिस्पर्धी व देशोदेशीचे चाहते मदतीला आले. शाबूत बाटल्या एकेक उघडून रिकाम्या करण्याचे कंटाळवाणे काम स्वयंसेवकांनी केले. त्या बीरचे ऊर्ध्वपातन करून ‘आर्मांड स्पिरिट’ हे तीव्र मद्य काढण्यात आले आणि त्याच्या विक्रीतून काही पैसा उभा राहिला. पाठोपाठ उरलेल्या जुन्या लँबिकपासून चार ऋतूंच्या नावांच्या चार ग्यूझ काढण्यात आल्या. २०१३ पर्यंत स्वतःचे उत्पादन पुन्हा सुरू झाले.

आर्मांड यांना मूल नव्हते. त्यांनी मीखाएल ब्लांकार्ट या तरुणाला हाताशी धरून पिंपांची पारख शिकविली व क्रमाने काम त्यांच्याकडे सोपविले. बेर्सेलची जागा अपुरी पडू लागल्यावर २०१६ मध्ये जवळच्या लोट गावी ‘लांबिक-ओ-ड्रोम’ ही पिंपांची मोठी कोठारे व चव घेण्याची जागा असलेली वास्तू उघडण्यात आली. पायोटनलँडमधील शेतकऱ्यांशी करार करून जव व गव्हाच्या जुन्या जाती तेथेच पिकविण्याचा उपक्रमही पुढे हाती घेण्यात आला. एरवी या ‘स्थानिक’ बीरचे धान्य बहुधा दूरच्या बाजारातून येई. आर्मांड डेबेल्डर मार्च २०२२ मध्ये मरण पावले.

बीरचे प्रकार : संस्थेची मुख्य बीर आउडे ग्यूझ ही होय. ती सोनेरी, कोरडी व स्पष्ट आंबट असून तीत अल्कोहॉलचे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास असते. थंड व अंधाऱ्या तळघरात ती दहावीस वर्षेही टिकते आणि चव पालटत राहते. ‘गोल्डन ब्लेंड’ या प्रकारात चार वर्षांची लँबिकही घालतात.

आउडे क्रीक ही आंबट चेरीची बीर आहे. संपूर्ण फळे बियांसह लँबिकमध्ये कित्येक महिने भिजत ठेवतात. फळातील शर्करा आंबते, रंग गडद लाल होतो आणि बियांमुळे बदामासारखी किंचित कडसर चव येते. यासाठी परंपरेने स्कारबेक या जातीची लहान, गडद व आंबट चेरी वापरीत. ब्रूसेल्सच्या वाढीत स्कारबेक गावच्या बागा गेल्या आणि ही झाडे विरळ झाली. आता परसातील व बांधावरील तुरळक झाडांची फळे हातांनी तोडून आणतात व त्यांची वेगळी बीर थोड्या प्रमाणात काढतात. बाहेरून आणलेल्या चेरीच्या बीरपेक्षा ती अधिक भरदार लागते. तिची किंमतही तशीच असते. ‘ओमाझ’ ही मुख्यतः रासबेरी व थोडी आंबट चेरी घालून केलेली बीर गास्तों डेबेल्डर यांच्या स्मरणार्थ आहे.

‘डूश्येल’ या प्रकाराची कथा वेगळी आहे. बाटलीत भरलेली ग्यूझ क्वचित फसफसत नाही. यीस्ट काम करण्याचे नाकारते व बीर शांत राहते. इतरत्र असा माल टाकून देतील. येथे तो वर्षानुवर्षे तसाच ठेवतात व पुढे, स्थानिक बोलीत ‘डुलकी घेणारी’ अशा अर्थाच्या या नावाने, विक्रीस काढतात. बुडबुडे नसल्यामुळे तिच्यात मुरलेल्या लँबिकची मूळ चव स्वच्छपणे कळते व जुने गिऱ्हाईक ती आवर्जून मागते.