जुन्या पिकअपच्या दाराचें कुलूप
अमेरिकेंत शेव्हरोलेट कंपनीनें १९४७ सालीं जी नव्या घडणीची पिकअप मोटार विक्रीस आणली, ती आजहि हौशी लोक जिव्हाळ्यानें बाळगतात. तिच्या दाराचें कुलूप लागेनासें झालें, कीं मालक प्रथम किल्लीवर जोर करतो. किल्ली मोडते आणि दोष जागच्या जागीं राहतो. वास्तविक कुलूप व दाराची पकड हीं दोन निरनिराळीं यंत्रें होत. कुलपाच्या नळकांड्यांत पितळेच्या पातळ चकत्या आणि केसासारख्या स्प्रिंगा असतात; जुनें तेल धुळीसह तेथें घट्ट बसतें. त्यावर पुन्हा तेल ओतणें म्हणजे चिखल वाढविणेंच! नळकांडें रॉकेलनें धुऊन, सुकवून, ग्राफाइटची कोरडी पूड सोडावी.

किल्ली सहज फिरत असूनहि दार धरत नसेल, तर मात्र बिजागरीकडे पाहावें. तिची खीळ झिजली, कीं जड पोलादी दार खालीं उतरतें आणि पकड चौकटीवरील पट्टीस अर्धवटच भिडते. या गाड्यांस मुळांत आसनाचे पट्टे नव्हते. वळणावर दार उघडलें, तर बसणारा थेट रस्त्यावर पडावयाचा. उघडें दार टोकाशीं धरून वर उचलावें. तें बिजागरीशीं हललें, तर आधीं खीळ बदलावी. पुष्कळदां मग कुलूप खोलावेंच लागत नाहीं.